शाळेतील मुलांस पैशाचा व्यवहार शिकविणे



मुलास चालावयास शिकविताना आपण त्यास चालण्याचे नियम सांगत बसत नाही. बोट धरून अंगणात नेतो, दोन वेळा पडू देतो, व तिसऱ्या खेपेस बोट सोडतो. पैशाच्या बाबतीत मात्र आपली रीत उलट आहे. मुलाच्या हाती पैसा देणे म्हणजे त्यास बिघडविणे, अशी पुष्कळ घरी समजूत आहे. आणि पुढे पहिली मजुरी किंवा पहिला पगार हाती पडला म्हणजे त्याने एकाएकी शहाण्या माणसाप्रमाणे वागावे, अशी तीच घरे अपेक्षा करतात. ही अपेक्षा न्यायाची नव्हे. यास्तव हा विषय शाळेत, रात्रीच्या वर्गात व घरी कसा शिकवावा, ह्याचा प्रस्तुत पाठात आपण विचार करू.

१. पुस्तकातील व्याज व गावातील व्याज

एका खेड्यातील शाळेत सातवीच्या वर्गास आम्ही एकदा प्रश्न घातला : “कोणी शंभर रुपये शेकडा पाच व्याजाने घेतले, तर वर्षाचे व्याज किती?” सगळा वर्ग एका आवाजाने म्हणाला, “पाच रुपये.” मागे बसलेली एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, “साठ.” मुले हसली. ती मुलगी गणितात हुशार म्हणून गाजलेली नव्हती. पण तिच्या घरी कर्ज होते.

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, व त्यातच सगळी मेख आहे. सातवीच्या पुस्तकात सरळव्याज येते, तेथे दर नेहमी “द. सा. द. शे.”, म्हणजे दरसाल दरशेकडा, असा असतो. परंतु गावात उधारीने पैसे देणारा जेव्हा “शेकडा पाच” म्हणतो, तेव्हा तो बहुधा महिन्याचा दर सांगत असतो. शब्द तेच, संख्या तीच, पण वर्षाचे व्याज बारा पट! परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळविणारा मुलगा ह्याच एका शब्दापायी फसतो, व त्याचा बापही फसतो.

म्हणून शिक्षकाने फळ्यावर हे उदाहरण मांडावे. बियाण्याकरिता १०,००० रुपये दरमहा शेकडा पाचने घेतले. पहिल्या महिन्याचे ५०० रुपये देणाऱ्याने आधीच कापून घेतले, म्हणजे हाती पडले ९,५००. वर्षभर दरमहा ५०० भरले, तर ६,००० रुपये व्याजात गेले, आणि मुद्दल १०,००० जसेच्या तसे उभे आहे. व्याज भरता न आल्यामुळे ते मुद्दलात मिळवीत गेले, तर वर्षाअखेर देणे सुमारे १७,९५९ रुपये होते, व पंधराव्या महिन्याअखेर ते मूळ रकमेच्या दुपटीहून अधिक होते. आठवीत चक्रवाढ व्याज शिकवितात, ते हेच. आता शेजारी दुसरे उदाहरण मांडावे : तेच १०,००० रुपये टपाल कचेरीच्या बचत खात्यात दरसाल दरशेकडा ४ ने ठेविले, तर वर्षास ४०० रुपये मिळतात. एकीकडे ४०० येतात, दुसरीकडे ६,००० जातात. एवढे पाहिल्यावर मुलांस निराळ्या उपदेशाची गरज राहत नाही.

ह्याच पाठात हप्त्याने वस्तू घेण्याचाही हिशेब यावा. समजा, दुकानात मोबाईलची रोख किंमत १२,००० रुपये आहे, व हप्त्याने घेतल्यास आरंभी ३०० रुपये खर्चापोटी व पुढे दरमहा १,२०० प्रमाणे बारा हप्ते द्यावयाचे आहेत. एकंदर १४,७०० झाले. म्हणजे २,७०० अधिक. “महिन्याला फक्त बाराशे” ह्या शब्दांत “फक्त” हा शब्द किती रुपयांचा आहे, हे मुलांनी स्वतः काढावे.

कर्जाची गोष्ट निघाली की तीन प्रश्न विचारावे, व ते मुलांस तोंडपाठ असावे : दर महिन्याचा की वर्षाचा? हाती प्रत्यक्ष किती पडणार? एकंदर परत किती द्यावयाचे? महाराष्ट्रात सन २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, हेही मोठ्या मुलांस सांगावे. मात्र कायदा ठाऊक असूनही ज्यास हिशेब येत नाही, त्याचे रक्षण कायद्याच्यानेही पुरते होत नाही.

२. हिशेबाची वही

दुसरा पाठ वहीचा. प्रत्येक मुलाने एका वहीत तीन रकाने आखावे : जमा, खर्च व शिल्लक. आठवड्यास वीस रुपये मिळोत की पाच, लिहावयाचे ते सर्व लिहावे. खर्च कशावर झाला ह्याबद्दल शिक्षकाने रागावू नये. एखाद्या मुलाने सगळे पैसे सोमवारीच गोळ्याबिस्किटांत घालविले, तर मंगळवारपासून शनिवारपर्यंत रिकामा असलेला शिल्लकेचा रकाना त्यास जे शिकवील, ते आपणांस शिकविता येणार नाही. बापाने दया येऊन बुधवारी पुन्हा पैसे दिले, तर मात्र तो धडा फुकट गेला. वीस रुपयांची चूक लहानपणी होऊ द्यावी, म्हणजे वीस हजारांची चूक पुढे टळते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. ज्या घरी मुलास देण्यास एक रुपयाही नसतो, अशी घरे आपल्यामध्ये आहेत. त्या मुलांनी घरच्या मिठामिरचीचा, तेलाचा, दळणाचा हिशेब लिहावा. सुटे तेल आठवड्यास थोडे थोडे आणिले तर महिन्यास काय पडते, व एकदम आणिले तर काय पडते, हे त्यांनी काढून आणावे. गरीब मुलास वर्गात लाजविणारा पाठ हा पाठच नव्हे.

३. शाळेची पेढी

बेल्जम देशातील घेंट शहरी लॉरां नावाचे कायद्याचे प्राध्यापक होते. त्यांनी सन १८६६ मध्ये तेथील शाळांतून मुलांची बचत सुरू करविली. मजुरांच्या मुलांनी आणिलेली अगदी लहान नाणीदेखील शाळेत जमा होत. आपल्या देशात टपाल कचेऱ्यांतील बचत बँक सन १८८२ मध्ये सुरू झाली, आणि पुढे शाळांतून “संचयिका” ह्या नावाने मुलांची पेढी चालविण्याची रीत पुष्कळांनी पाहिली आहे. मुलेच रोखपाल, मुलेच लेखनिक, व शिक्षक देखरेखीस, अशी ती रचना असे.

आजही हे करणे अवघड नाही. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास टपाल कचेरीत ५०० रुपये भरून स्वतःच्या नावाचे बचत खाते उघडता येते व ते स्वतः चालविताही येते; बँकांसही दहा वर्षांवरील मुलांस असे खाते देण्याची मोकळीक आहे. तोपर्यंत वर्गात लहानशी पेढी असावी. प्रत्येकाचे पासबुक निराळे असावे, दर शनिवारी सर्वांसमक्ष बेरीज व्हावी, व रक्कम दोन जणांच्या सहीने खात्यात जावी. आणि शिक्षकबंधूंनो, मुलांच्या पैशांतून एका दिवसाकरितादेखील एक रुपया उसना घेऊ नका. पैसा परत केला तरी विश्वास परत येत नाही. व तो धडा मूल जन्मभर विसरत नाही.

पैसे कोठे ठेवावे, हाही एक धडा आहे. बँकेतील ठेवीस दर ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण नाही. अधिक व्याजाच्या लोभाने पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्याने हा भेद आधी जाणावा.

४. मोबाईलवरील पैसा

आता पैसा डोळ्यांस न दिसता हातातून जातो. म्हणून मुलांस एक गोष्ट पक्की शिकवावी : गुप्त अंक, ज्यास पिन म्हणतात, तो पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. “तुम्हांस पैसे पाठवितो, पिन घाला” असे जो म्हणतो, तो पैसे नेणारा आहे. घरातील वडील माणसांस हे समजावून सांगण्याचे काम मुलांकडेच सोपवावे. शिकविल्याने शिकलेले पक्के होते.

शेवटी आईबापांस एक विनंती. घरात कर्ज असेल, तर ते मोठ्या मुलांपासून लपवू नका. त्यांस भय घालू नये, पण वहीत आकडा लिहिताना जवळ बसवावे. त्या वर्गात “साठ” म्हणणाऱ्या मुलीस हसू आले नव्हते; तिच्या ज्ञानाची किंमत तिच्या घरच्यांनी भरली होती. इतर मुलांस हेच ज्ञान एका खडूच्या किमतीत देता येईल. पुढे कोणी “शेकडा पाच” म्हटले, म्हणजे वर्गाने आकडा सांगण्यापूर्वी उलट विचारावे, “महिन्याचे की वर्षाचे?” असे झाले म्हणजे पाठ समजला असे जाणावे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. दरमहा शेकडा तीन म्हणजे दरसाल दरशेकडा किती?
२. ५,००० रुपये दरमहा शेकडा चारने घेतले व पहिले व्याज आधीच कापले, तर हाती किती पडतील? वर्षाचे एकंदर व्याज किती?
३. तुमच्या घरी मागील आठवड्यात सर्वांत अधिक खर्च कशावर झाला? तो ह्या आठवड्यास कमी करता येईल काय?
४. पैसे मिळण्याकरिता कोणी पिन मागितला, तर काय उत्तर द्याल?
५. हा पाठ तुम्ही घरी कोणास सांगितला, व त्यांनी काय म्हटले?