सुई टोचली, सांगू कुणाला?

प्रश्न : मी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंजेक्शन दिल्यावर टोपण लावताना सुई बोटात घुसली. सिस्टरांना सांगितलं तर ओरडा बसेल. काय करू?

उत्तर : ओरडा बसला तर बसू दे, आजच सांग. सुई टोचल्यावर लगेच बोट साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं. रक्त पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट चोळायचं नाही. एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या लागल्याच तर शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हाव्यात. कोर्स २८ दिवसांचा. हे छापून येईपर्यंत ती मुदत टळलेली असेल, तरीही नोंद आणि रक्ततपासण्या चुकवू नकोस.

धास्ती सगळ्यांना एचआयव्हीची. पण बाधित सुईतून तो होण्याची शक्यता हजारात साधारण तीन. लस न घेतलेल्यांना हेपॅटायटिस बीची त्याहून कितीतरी जास्त. तुझे तिन्ही डोस झालेत का?

आणि टोपण पुन्हा लावायचंच नाही, अगदी घाईतही. पांढरा शार्प्सचा डबा ट्रॉलीवर घेऊनच पेशंटकडे जा, सुई तिथल्या तिथे हब कटरने काप. डबा पाऊण भरला की बदलून माग. वॉर्डात डबाच नसेल, तर ओरडा खाण्याची पाळी तुझी नाही.