छायाचित्रांसाठी साधे संकेतस्थळ



जव्हार-मोखाड्याकडची काही तरुण मुले आता लग्नांत, शाळेच्या स्नेहसंमेलनांत फोटो काढतात. हात चांगला असतो, पण काम दाखवायचे कुठे? त्यांना मी एका पानाचे संकेतस्थळ करायला शिकवतो. आपल्या मंडळीतही असा कोणी असेल, म्हणून तोच धडा येथे देत आहे.

पहिले काम निवडीचे, आणि सर्वांत जड तेच. पाचशे फोटोंतून पंधरा ठेवावेत. एकाच लग्नातले चार फोटो आवडले तरी एकच घ्यावा. मुले इथे रडकुंडीला येतात!

मग फोटो हलके करायचे. मोबाईलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा, ४ एमबीपर्यंत असतो. असे पंधरा म्हणजे ६० एमबी. २ एमबीपीएस वेगाच्या जाळ्यावर ते उघडायला चार मिनिटे लागतील. तोवर गिऱ्हाईक थांबत नाही. रुंदी १६०० पिक्सेल केली की फोटो सुमारे ३०० केबीचा होतो आणि सगळे पान वीसेक सेकंदांत येते. मूळ फोटो मात्र जपून ठेवावेत, कारण चांगल्या छपाईत १६०० पिक्सेल जेमतेम सव्वापाच इंच भरतात.

पानाला पांढरी पार्श्वभूमी, वर नाव, तालुका आणि फोन. आपोआप सरकणारी चित्रे नकोत, संगीत तर नकोच. गिटहब पेजेसवर असे साधे पान फुकट ठेवता येते.

आता ज्यासाठी मी मुलांना सर्वांत जास्त वेळ बसवतो ती गोष्ट. फोनमध्ये लोकेशन चालू असेल, तर फोटो जिथे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश फाईलमध्ये लपून बसतात. पाड्यावरच्या मुलीचा फोटो त्यासकट चढवला, तर तिच्या घराची वाट जगाला कळते. म्हणून ही माहिती पुसूनच फोटो चढवावा. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नेही मनाई आहे.

मोठ्यांनाही विचारावे; नुसते ‘काढू का?’ असे नव्हे, तर पान उघडून ‘इथे दिसेल, कोणीही पाहील’ असे दाखवून. मुलाचा फोटो असेल तर आईबापांना विचारावे. फोटोखाली ‘आदिवासी स्त्री’ एवढेच लिहिलेले मला पटत नाही. तिची हरकत नसेल तर नाव लिहावे, आणि ती काय करते आहे तेही: भात लावते आहे, मोहाची फुले वेचते आहे. आपण देणगीदारही डोळ्यांत पाणी आणणारे चेहरे मागतो, म्हणून मुले तसलेच फोटो काढू लागतात. हसणारी माणसेही त्या पंधरांत हवीत.

उद्या कोणी ‘माझा फोटो काढून टाक’ म्हणाले, तर त्याच दिवशी काढावा. त्यासाठी पानाचा पासवर्ड त्या मुलाच्या स्वतःच्या हाती असावा, शिकवणाऱ्याच्या नव्हे.