आवडीचे गणित आणि कलेचे रूप

कलाकृतीचे रूप केवळ कलावंताच्या प्रतिभेने ठरत नाही. ती ज्या साधनाद्वारे रसिकांपर्यंत पोहोचते, त्या साधनाचाही ठसा तिच्यावर उमटतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा ग्रामोफोनच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गायन मावत असे. तासभर रंगणारा राग गायक-गायिकांना तेवढ्या अवधीत बसवावा लागला. आज गाणी इंटरनेटवरून श्रोत्याकडे येतात. तबकडीची ती मर्यादा आता उरलेली नाही. परंतु तिच्या जागी एक निराळे, सहसा न दिसणारे बंधन आले आहे. लक्षावधी गाण्यांतून श्रोत्यापुढे कोणते ठेवावे, हे ठरविणारे अल्गोरिदम म्हणजेच ते बंधन होय.

शिफारस कशी ठरते?

एखादा प्रश्न सोडविण्यासाठी क्रमाने करावयाच्या कृतींच्या निश्चित नियमावलीस अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकातील गणिती अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून हा शब्द आला. भारतीय अंकपद्धतीवरील त्यांच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरामुळे ते नाव युरोपात रूढ झाले.

शिफारशीची एक प्रचलित पद्धत अशी आहे. समजा, दोन श्रोत्यांनी प्रत्येकी दहा गाणी ऐकली व त्यांपैकी आठ गाणी समान आहेत. तेव्हा त्यांची आवड जुळते असे गृहीत धरून पहिल्याची उरलेली दोन गाणी दुसऱ्याला सुचविली जातात. अशीच तुलना कोट्यवधी नोंदींवर केली जाते. ध्वनीचे पृथक्करण करणाऱ्या अन्य पद्धती तिच्या जोडीला असतात. परंतु ह्या पद्धतीपुरते पाहिल्यास यंत्राला राग, ताल वा काव्य कळण्याची आवश्यकता नसते. कोणी काय ऐकले आणि काय अर्ध्यावर सोडले, एवढी नोंद त्याला पुरते.

येथेच एक चक्र सुरू होते. सुचविलेले गाणे अधिक ऐकले जाते. त्यामुळे त्याची नोंद वाढते. आणि नोंद वाढल्याने ते पुन्हा सुचविले जाते.

लोकप्रियतेचा एक प्रयोग

ह्या चक्राचे बळ किती असते? अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स यांनी केलेल्या प्रयोगाने ह्या प्रश्नावर प्रकाश पडतो. २००६ साली त्याचे निष्कर्ष ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १४,३४१ व्यक्तींपुढे अप्रसिद्ध वाद्यवृंदांची ४८ गाणी ठेवण्यात आली. काहींना केवळ गाण्यांची व वृंदांची नावे दिसत होती. इतरांची आठ स्वतंत्र गटांत विभागणी केली होती; त्यांना आपल्या गटातील किती जणांनी कोणते गाणे उतरवून घेतले, हेही दिसत होते.

आठही गटांचा आरंभ शून्यापासून झाला होता आणि गाणीही तीच होती. तरीही निकाल सारखे लागले नाहीत. एकच गाणे एका गटात पहिले आले, तर दुसऱ्यात चाळिसावे. लोकप्रिय व उपेक्षित गाण्यांतील अंतरही आकडे दिसत असताना अधिक वाढले. आणि गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने मांडली असता ते आणखी वाढले. अत्यंत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत व अत्यंत वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्यांचे भवितव्य मात्र आरंभीच्या योगायोगावर अवलंबून राहिले. ह्या प्रयोगात शिफारस करणारे यंत्र नव्हते, केवळ आकडे होते, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

मोजणीचा नियम आणि रचना

निवडीइतकाच परिणाम मोजणीचाही होतो. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद वाजले, तरच ते ‘ऐकले’ असे धरले जाते. २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्यास मोबदल्यातील वाटा मिळत नाही. अडीच मिनिटांचे गीत आणि तासभराचा राग, दोहोंची गणना एकेक अशीच होते. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तनही ३० सेकंदांत पुरे होत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ही मोजपट्टी कोणत्या संगीतास सोयीची आहे, हे सहज कळते.

तथापि सर्व बदलांचे खापर ह्या सेवांवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या आरंभीचे वाद्यवादन १९८६ साली सरासरी वीस सेकंदांहून अधिक असे. २०१५ पर्यंत ते सुमारे पाच सेकंदांवर आले. परंतु स्पॉटिफायची सेवा २००८ साली सुरू झाली. म्हणजे ह्या कालखंडाचा मोठा भाग तिच्यापूर्वीचाच होता.

नियम कोणाचे?

ज्या गाण्याची नोंदच अल्प, त्याची तुलना करण्यास यंत्रापाशी आधार नसतो. नवा कलावंत आणि संथाळी किंवा बोडो यांसारख्या भाषांतील गीते यांना ही अडचण विशेष जाणवणे स्वाभाविक आहे. येथे अल्प नोंद म्हणजे अल्प गुणवत्ता नव्हे. परंतु चक्रात सापडल्यावर तसा भास होऊ लागतो.

तबकडीची मर्यादा पदार्थविज्ञानाने घातली होती. शिफारशीचे व मोजणीचे नियम माणसांनी घातले आहेत. म्हणून ते बदलताही येतात. मागणीनुसार चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या सेवांच्या संग्रहात किमान ३० टक्के कृती युरोपीय असाव्यात आणि त्या ठळकपणे दिसाव्यात, असा दंडक युरोपीय संघाने २०१८ साली घातला. श्रोत्याच्या हातीही एक उपाय आहे: सुचविलेल्या गाण्यापाशी न थांबता स्वतः शोध घेणे. त्याने हेतुतः ऐकलेले प्रत्येक गाणे त्या गणितात एक नवी नोंद घालते.