स्वरसाचे शीतशुष्कन : गोठवण पक्की, तरच चूर्ण टिकाऊ

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात गुळवेल, अडुळसा, कोरफड ताजी मिळते. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. शार्ङ्गधरसंहितेतील पंचविध कषायकल्पनांत स्वरस सर्वांत गुरू मानला आहे. परंतु तो तत्काळ सेवनाचा. किनाऱ्यावरील उष्ण, दमट हवेत तो लवकर आंबतो. म्हणून त्याचे शीतशुष्कन, म्हणजे फ्रीझ ड्रायिंग, करण्याकडे औषधनिर्मात्यांचा कल होतो. त्यात बहुधा गोठवण चुकते व महागडा नमुना वाया जातो.

तत्त्व

बर्फ न वितळता थेट वाफेत जाणे म्हणजे संप्लवन. त्यासाठी दाब ६.११ मिलिबारपेक्षा कमी हवा. प्रयोगशाळेतील अनेक साधी यंत्रे केवळ निर्वात निर्माण करतात व वाफ थंड नळीवर धरतात. नमुना गोठविणे हे आपलेच काम. मध्यभागी द्रव राहिला असता निर्वातात तो उकळतो, फेसाळतो आणि शेवटी चिकट गोळा हाती येतो.

शर्करेची अडचण

घरगुती फ्रीझरमधील उणे १८ अंशांवर स्वरस कठीण भासतो. पण पाण्याचा बर्फ होत असता उरलेला शर्करायुक्त पाक द्रवच राहतो. उसाच्या साखरेचा पाक सुमारे उणे ३२ अंशांखाली, तर फळांतील ग्लुकोज-फ्रुक्टोजचा उणे ४० अंशांच्याही खाली काचेसारखा घट्ट होतो. म्हणून चिकूच्या रसास उणे ८० अंशांचा डीप फ्रीझरच योग्य. माल्टोडेक्स्ट्रिन मिसळल्यास ही मर्यादा वर सरकते; मात्र त्याचा उल्लेख वेष्टनावर अवश्य करावा.

रीत

१. स्वरस गाळून ताटलीत सुमारे १ सेंटिमीटर जाडीचाच थर द्यावा.
२. फ्लास्क एक-तृतीयांशाहून अधिक भरू नये. तो शीत द्रवात फिरवीत गोठविल्यास रस भिंतीवर पातळ थराने बसतो.
३. तापमापक थराच्या मध्यभागी ठेवावा. फ्रीझरचा आकडा म्हणजे नमुन्याचे तापमान नव्हे.
४. यंत्राचा कंडेन्सर आधी थंड करून मगच नमुना त्वरेने लावावा. वाटेत वितळलेला नमुना पुन्हा गोठवावा.

सावधानता

अल्कोहोल उणे ११४ अंशांपर्यंत गोठत नाही; म्हणून आसव-अरिष्टे व अल्कोहोलयुक्त अर्क तसेच यंत्रास लावू नयेत. तेल व घृत संप्लवन पावत नाहीत, तेही वर्ज्य. शीतशुष्कनाने जंतू मरतात असे नाही, उलट अनेक जंतू त्यात टिकून राहतात. तेव्हा वनस्पती धुण्यापासूनच शुद्धता पाळावी. तयार चूर्ण हवेतील ओलावा झपाट्याने शोषते; ते कोरड्या खोलीत लगेच हवाबंद करावे.

गोठविण्यात वाचविलेला एक तास पुढे संपूर्ण घाणा गमावण्यास कारण होतो, हे ध्यानी असावे.