सेल भरला हे कळायचं कसं?

१. चार्जर करायला घेतला तेव्हा वाटलं होतं, सगळा कस वीज भरण्यात लागणार. भरणं सोपंच निघालं. थांबायचं कधी, हा खरा प्रश्न. अर्डुइनो ऊनो या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाच्या पिनमधून वीसेक मिलिअँपिअरच घ्यावेत. सेलचा एक अँपिअर बाहेरच्या मॉस्फेटमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, जातो. म्हणजे बोर्ड स्वतः काही भरत नाही, नुसतं लक्ष ठेवतो आणि हुकूम सोडतो. घरात माझं कामही साधारण तेच, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

२. निकेल-मेटल हायड्राइड सेल भरला की त्याचं व्होल्टेज उतरतं! मी तर ते चढत जाईल आणि एका आकड्यावर थांबेल, असंच धरून चाललो होतो. पण भरत आलेल्या सेलमध्ये ऑक्सिजन सुटतो, सेल तापतो आणि व्होल्टेज किंचित घसरतं. किंचित म्हणजे पाच-दहा मिलिव्होल्ट. ऊनो पाच व्होल्टचे १०२४ भाग करून मोजतो. एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. ज्या खुणेवर सगळी भिस्त, ती पट्टीवरच्या एक-दोन रेघांएवढी. शिवाय दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा सेल दोनशे मिलिअँपिअरने सावकाश भरला, तर ती खूण जवळजवळ दिसतच नाही. सावकाश म्हणजे सुरक्षित, हा आमच्या घरचा संस्कार. इथे बेतानं घाई केली तरच सेल बोलतो.

३. म्हणून सेलला तापमान मोजणारा थर्मिस्टर चिकटवला. पण मे महिन्यात आमच्या भिवपुरीत पत्र्याखाली ठेवलेला सेल मुळातच गरम; ठरावीक अंशाला थांबायचं म्हटलं तर चार्जिंग सुरूच होणार नाही. दुसरा थर्मिस्टर खोलीच्या हवेत लावला. आता दोन्हींतला फरक बघतो; तो वाढला की थांबायचं.

४. पावसाळ्यात वीज जाते, परत येते, आणि बोर्डाला मागचं काही आठवत नाही. खुणा चुकल्या तरी चार्जिंग थांबावं म्हणून ठेवलेली वेळमर्यादा पुन्हा शून्यापासून, भरलेला सेलही नवं गिऱ्हाईक. झालेला वेळ ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत, लिहून ठेवणं हा उपाय. तिथेही लिहिण्याची हमी एका जागी लाखभर वेळांची, म्हणून दर सेकंदाला नाही, पाच मिनिटांनी लिहावं.

५. सेलमध्ये भरलेल्या विजेपेक्षा कमीच परत मिळते, याची मला आधी चुटपुट वाटे. पण आमच्या डोक्यावर बघा. आंध्रा खोऱ्यातलं पाणी सह्याद्रीवरून उतरवून टाटांचं भिवपुरी वीजगृह १९२२ पासून मुंबईसाठी वीज करतंय. आता इथेच १००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पाचा २०२३मध्ये राज्य सरकारशी करार झालाय: वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, हवी तेव्हा खाली सोडायचं. अशा प्रकल्पांतही शंभरातले सत्तर-ऐंशीच हाती येतात. डोंगराएवढ्या बॅटरीला जे चुकत नाही, ते माझ्या बोटभर सेलला कसं चुकावं?

६. हे सगळं निकेलच्या सेलपुरतं. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टच्या पुढे रेटला तर पेट घेऊ शकतो, आणि भरल्यावर व्होल्टेज उतरण्याची खूणही तो देत नाही. त्याला स्वतः लिहिलेला प्रोग्राम लावू नका. टीपी ४०५६ या चार्जिंग चिपचं तयार मॉड्यूल मिळतं, तेही प्रोटेक्शनवालंच घ्या.