जुनी चासी, नवे केबिन : काम हाती घेण्यापूर्वी

मासळी आणि बर्फ वाहणाऱ्या पिकअप गाडीचे आयुष्य इतर गाड्यांपेक्षा कमी असते, हे कोकणपट्टीतल्या आमच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. खारे पाणी दिवसरात्र टपकत राहते. आधी केबिनची जमीन कुजते, मग दारांचे खालचे काठ, मग समोरच्या काचेखालचा पत्रा. इंजिन मात्र ठणठणीत असते. अशा वेळी मालक कुठून तरी त्याच जातीच्या, पण चार-सहा वर्षे नव्या गाडीचे केबिन शोधून आणतो. ती गाडी अपघातात मागून चेपलेली असते किंवा तिची चासी वाकलेली असते, केबिन मात्र शाबूत असते. मालक गॅरेजवाल्याला म्हणतो, "उस्ताद, हे माझ्या चासीवर बसवून द्या."

हे काम करणारे डेंटर, वेल्डर, वायरमन, पेंटर आणि सुटे भाग पुरवणारे भंगारवाले यांत आपल्या समाजाचे लोक पुष्कळ आहेत. काम चांगले आहे, मजुरीही बरी सुटते. पण केबिन बसले, रंग चमकला म्हणजे काम झाले, असे समजणारे कारागीर आम्ही पाहतो तेव्हा काळजी वाटते. म्हणून या कामाची रीत आज थोडी विस्ताराने मांडत आहोत.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्यावी. पिकअप ही शिडीसारख्या चासीवर बांधलेली गाडी आहे. दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, आणि त्यावर रबर बुश ठेवून बोल्टने आवळलेले केबिन व लोडबॉडी. या रचनेमुळेच केबिन उतरवता येते आणि दुसरे चढवता येते. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९१७ साली मॉडेल टीटी नावाची चासी विकायला काढली, तेव्हा तिच्यावरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या सुताराकडून बांधून घेई. कारखान्यातून पिकअप बॉडीसह मॉडेल टी मिळू लागली ती १९२५ साली. तात्पर्य, चासी वेगळी आणि बॉडी वेगळी हा प्रकार जुनाच आहे. आपल्याकडे १९८८ साली आलेली टाटामोबाईल काय किंवा पुढची बोलेरो पिकअप काय, त्याच घराण्यातल्या. भार पेलते ती चासी. गाडीचे वयही चासीचे आणि नंबरही चासीचा.

चासी आधी, केबिन नंतर

ज्या पाण्याने केबिन कुजवले, त्याने चासी सोडली असेल असे का मानावे? उलट लोडबॉडीतून टपकणारे पाणी सरळ चासीवरच पडते. पट्टी पेटीसारखी बंद असेल तर ती आतून कुजते आणि वरून रंग शाबूत दिसतो. म्हणून केबिन उतरवण्याच्या आधीच लहान हातोडीने चासी सगळीकडे ठोकून पाहावी. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो. शंका आली तिथे अणकुचीदार सळई दाबावी. मागच्या कमानपाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि केबिनचे पाय जिथे टेकतात ते ब्रॅकेट, या तीन ठिकाणी घाई करू नये.

त्यानंतर चासी सरळ आहे का ते पाहावे. मोठे यंत्र नसले तरी चालते. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, चासीवरच्या समोरासमोरच्या जागांवरून ओळंबा सोडून खडूने खुणा कराव्यात, मग गाडी बाजूला घेऊन त्या खुणांचे कर्ण टेपने मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर चासी मुरडलेली असण्याची शंका धरावी आणि जाणकाराला दाखवावी.

चासी कुजलेली किंवा मुरडलेली निघाली तर काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. काम नाकारावे. पट्टीचा तुकडा घालून वरून रेड ऑक्साइड मारून देणारा कारागीर गिऱ्हाइकाचे पैसे वाचवत नाही. भरलेली गाडी घाटातून उतरत असताना तो तुकडा सुटला तर आत तो मालक असतो, त्याचा मुलगा असतो, नाहीतर पगारावरचा ड्रायव्हर असतो.

बसवताना

केबिन उतरवताना चाके सरळ ठेवून स्टिअरिंगच्या शाफ्टवर आधी खूण करावी. ब्रेकचे पाइप, क्लच, हँडब्रेकची केबल, रेडिएटरचे होज आणि वायरिंगचे जोड सोडताना प्रत्येकाला चिठ्ठी बांधावी. दोन्ही दारांतून मजबूत लाकडी वासा आरपार घालून चेनपुलीने केबिन उचलावे, आणि ते टांगलेले असताना कोणालाही खाली जाऊ देऊ नये. शिकाऊ पोरांना तर मुळीच नाही.

नवे केबिन जुन्या चासीवर टेकवले की बहुधा सगळी भोके जुळत नाहीत. त्याच मॉडेलची गाडी असली तरी मधल्या वर्षांत कंपनीने ब्रॅकेट बदललेले असू शकतात. म्हणून केबिन विकत घेण्यापूर्वीच दोन्ही गाड्यांची मापे घ्यावीत. पैसे देऊन झाल्यावर टेप काढण्यात अर्थ नसतो. फरक असेल तर ब्रॅकेट बदलावे, आणि तेही चासीच्या उभ्या भागाला बोल्टने धरावे. वरच्या व खालच्या आडव्या काठांना भोक पाडू नये, कारण सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. चासीवर गॅस कटरही चालवू नये. रबर बुश नवेच घ्यावेत. जुने चेपलेले बुश वापरले की केबिन एका बाजूला झुकते आणि मग दारे लागत नाहीत म्हणून दारांनाच दोष दिला जातो.

आधी सगळे बोल्ट सैल ठेवावेत, दारांच्या फटी व स्टिअरिंगची रेषा पाहावी आणि मग आवळावेत. केबिन आणि लोडबॉडी यांच्यामध्ये कंपनीने ठेवलेली फट तशीच ठेवावी. रस्त्यावर चासी थोडी पिळते आणि पिळलीच पाहिजे. आवाज येतो म्हणून काहीजण दोघांना पट्टीने वेल्ड करून टाकतात. पुढे केबिनच्या मागच्या पत्र्याला चिरा जातात आणि गिऱ्हाईक पत्र्याला शिव्या देते.

स्टिअरिंगचा शाफ्ट लांबीला कमी किंवा जास्त पडला तर तो मधोमध कापून वेल्ड करणे, हा आमच्या मते या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार आहे. योग्य लांबीचा कंपनीचा शाफ्ट आणि क्रॉस मिळेपर्यंत गाडी उभी राहिली तरी चालेल.

ब्रेकचेही तसेच. नव्या केबिनबरोबर त्याचा बूस्टर आणि मास्टर सिलेंडर येतो. तो नव्या गाडीच्या चाकांच्या हिशेबाने बनवलेला असतो. मास्टरचा व्यास जुन्यापेक्षा मोठा असला तर पॅडल कडक लागते आणि ब्रेकला जोर कमी मिळतो. लहान असला तर पॅडल खोल जाते. म्हणून जुन्या चाकांना जुन्याच मापाचा मास्टर ठेवावा. नव्या गाडीला एबीएस असेल तर त्याचा डबा जुन्या गाडीवर शोभेपुरता लावू नये. चाकांवर सेन्सर नसताना तो काही करणार नाही, आणि मीटरवरचा दिवा विझवायला वायर कापणे म्हणजे ड्रायव्हरला फसवणे.

वायरिंगच्या बाबतीत वेळ सगळ्यात जास्त जातो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला विजेचे काम थोडेच असते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, आणि तेव्हापासूनच्या गाड्यांत इंजिन, मीटर आणि किल्ली एकमेकांशी कंप्युटरमार्फत बोलतात. असे मीटर जुन्या इंजिनावर मुके राहते. आमचा सल्ला असा की जुन्या गाडीचेच वायरिंग व मीटर नव्या केबिनमध्ये नीट बसवावे, दिसायला थोडे जुने वाटले तरी हरकत नाही. पाण्याचे तापमान आणि ऑइलचा दाब दाखवणारे काटे बंद ठेवून गाडी देऊ नये. केबिन रबरवर बसलेले असते, म्हणून केबिन, इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी लावायला विसरू नये. निम्म्या "विजेच्या" तक्रारी तिथेच मिटतात. आणि कुठेही वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची दोन्ही टोके सोडावीत.

कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मूळ ठरवून दिलेल्या गोष्टी आणि आर.सी. मधली नोंद यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

याचा धंद्यापुरता अर्थ काय? कुजलेले केबिन काढून त्याच मॉडेलचे, त्याच आकाराचे केबिन बसवणे ही दुरुस्ती म्हणता येते. दुसऱ्या मॉडेलचे तोंड लावणे, सिंगल केबिनचे डबल केबिन करणे, बॉडीचा प्रकार किंवा रिकामे वजन बदलणे ही दुरुस्ती नव्हे. रंगाचीही आर.सी. मध्ये नोंद असते. पांढऱ्या गाडीवर निळे केबिन चढवून तसेच पासिंगला नेले तर अडणारच. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो, तेव्हा ही गोष्ट लपून राहत नाही. म्हणून मालकाने काम सुरू होण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारणा करावी. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. उस्तादाने हे गिऱ्हाइकाला सांगावे. सांगितल्याने काम जाईल ही भीती नको.

चासीचा नंबर कापून दुसरीकडे चिकटवणे किंवा घासणे याबद्दल चर्चाच नको. तो गुन्हा आहे. पण एक जागा अशी आहे जिथे प्रामाणिक कारागीरही अडकतो. आलेले केबिन चोरीच्या गाडीचे निघाले तर? चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि आपल्याला माहीत नव्हते हे नंतर पटवत बसावे लागते. तेव्हा केबिन गिऱ्हाइकाने आणलेले असो की आपण, भंगारवाल्याचे बिल, मूळ गाडीच्या आर.सी. ची प्रत आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत फाइलला लावल्याशिवाय ते गॅरेजात उतरवू नये. भंगाराचा धंदा करणाऱ्या आमच्या बंधूंनीही हे कागद मागण्यापूर्वीच द्यावेत. ज्याचे कागद स्वच्छ, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येते.

मजुरी आणि विक्री

मजुरी आधी ठरलेली असावी हा आपल्या फिक्हमधला साधा नियम आहे. या कामात अडचण अशी की केबिन उघडल्याशिवाय खालची स्थिती कळत नाही. म्हणून हिशेब दोन टप्प्यांत करावा. उतरवणे व तपासणी यांचा एक आकडा, आणि तपासणीनंतर बसवण्याचा दुसरा. दोन्ही कागदावर, दोघांच्या सहीने. जुने कुजलेले केबिन कोणाचे, हेही त्यातच लिहावे. तसे ठरले नसेल तर ते गिऱ्हाइकाचे आहे, आणि ते भंगारात घालून आलेला पैसा खिशात टाकणे अमानतीत खियानत आहे.

अशी गाडी पुढे विकली जाते तेव्हा खरी परीक्षा होते. तोंड नवे, म्हणून घेणारा गाडीही नवी समजतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्या व्यापाऱ्याला विचारले होते. नव्या केबिनखालची जुनी चासी ही तशीच आतली ओल आहे. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला शरिअतने दिलेला आहे. म्हणून पावतीवरच लिहावे : चासी अमुक सालची, केबिन अमुक सालच्या गाडीचे, बदलल्याची तारीख अमुक. भाव थोडा कमी येईल. तो तेवढाच त्या गाडीचा भाव आहे.

राहिली ती ज्या गाडीचे केबिन घेतले तिची चासी. ती नंबरासह गॅरेजच्या मागे पडू देऊ नये, कारण असल्या नंबरांना चोरबाजारात गिऱ्हाईक असते. तिच्या मालकाने ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन गाडीची नोंदणी रद्द करून घ्यावी आणि त्या कागदाची एक प्रत आपल्या फाइलला ठेवावी. तयार गाडी आधी रिकामी, मग भार घालून चालवून ब्रेक पाहावेत. पाचशे किलोमीटर झाल्यावर ती पुन्हा बोलावून केबिनचे सगळे बोल्ट, स्टिअरिंगचा क्रॉस आणि ब्रेकचे जोड तपासावेत. या फेरीची मजुरी पहिल्याच आकड्यात धरलेली असावी, म्हणजे गिऱ्हाईक यायला कां-कूं करीत नाही.