दगड कोरायला बसताय? आधी हा हिशेब

मन शांत व्हावे म्हणून दगड कोरायचा असेल, तर पहिला पैसा वर्गाच्या फीवर घालू नका, मास्कवर घाला. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ हवा. रुमालाने भागत नाही. जोडीला गॉगल. दोन्ही मिळून साधारण तीन-चारशे रुपये. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता दगड. ग्रॅनाइट नको. तो नवख्या हाताला दाद देत नाही आणि त्याच्या धुळीत सिलिका भरपूर असते. सरावासाठी सिपोरेक्सची वीट सुचवतात; ती स्वस्त आहे, पण तिच्यातही सिलिका असते. शंखजिरे मऊ, नखानेही ओरखडा उठतो. मात्र काही खाणींच्या मालात ॲस्बेस्टॉसचे तंतू सापडतात. म्हणून काहीही कोरा, दगड ओला ठेवा.

माझे मत विचाराल तर कडप्प्यापासून सुरुवात करा. ओट्याचे काम करणाऱ्या फरशीवाल्याकडे जा आणि सिंकसाठी कापून काढलेला तुकडा मागा. बहुतेक वेळा किरकोळ पैशांत मिळतो. आठ इंची चौकोन दोन किलोच्या आसपास भरतो आणि उठावकामाला पुरतो. बाहेरगावाहून ठोकळा मागवताना मात्र वजन आधी काढा: सहा इंची घन साडेनऊ किलो, एक फुटी घन पंचाहत्तर किलोंच्या घरात. दगडापेक्षा भाडे जास्त होते ते इथे.

हत्यारे तीनच: टोकदार छिन्नी, दातेरी छिन्नी, सपाट छिन्नी. वर किलोभराच्या आतला हातोडा आणि एक कानस. हजार-दीड हजारात बसते. बारा नगांचा संच घेऊ नका. साध्या पोलादी छिन्नीला लोहार धार लावून पाणी देतो. कार्बाइड टोकाची छिन्नी त्याच्याकडे होत नाही. ग्राइंडर तर नकोच. काम लवकर होते, पण ज्या ठेक्यासाठी तुम्ही बसता, तोच हरवतो.

वर्ग लावायचा असेल तर पैसे भरण्याआधी विचारा. दगड फीमध्ये आहे का? हत्यारे घरी नेता येतात का? पॉलिशचे वेगळे घेता का? अर्धवट काम पुढे कुठे पूर्ण करायचे? जीएसटी लावत असतील तर बिलावर क्रमांक हवा. ‘ध्यान’ शब्द जोडून फी वाढवलेली असेल, तर एकदा चालू वर्ग बघून या. दहा ग्राइंडर एकदम फिरत असतील तर परत फिरा. त्यापेक्षा जवळच्या पाथरवटाकडे किंवा मूर्तिकाराकडे जा. तासाचे मानधन आधी ठरवा आणि ते घासाघीस न करता द्या. छिन्नीचा कोन तिथे जितका लवकर कळतो तितका कुठेच नाही.

फ्लॅटमध्ये दगडाखाली वाळूचे पोते ठेवा. दगड हलत नाही, खालच्या घरात दणकाही कमी जातो. दुपारी दोन ते चार आणि रात्री हातोडा बंद. त्या वेळी कानस किंवा पाण्याचा पॉलिश पेपर, १२० पासून ६०० नंबरपर्यंत क्रमाने. एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ. पहिल्या तुकड्याला दोन-तीन महिने धरा.

धुतलेले गढूळ पाणी मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. बादलीत रात्रभर ठेवा, वरचे पाणी ओता, खालचा गाळ ओलाच पिशवीत बांधून टाका.